बसल्या जागी पांडवलेणी : कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज. ओवाळणीच्या ताटात दादाने पाकिटाऐवजी पेनड्राइव्ह टाकला आणि म्हणाला, "घे, तुझं काम." त्यात पांडवलेणीच्या पायऱ्या चढतानाचं सहा मिनिटांचं ३६० अंशांचं चित्रण.

काम काय, ते एकदा लिहून ठेवते. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याला लेणी बघायची आहेत. बहुतेकांनी ती शाळेच्या सहलीत पाहिली आणि नंतर पन्नास वर्षं महामार्गावरून येता-जाता नुसता डोंगर पाहिला. पायऱ्या दोनशेच्या घरातल्या, गुडघे सत्तरीतले. मग व्हीआरमधून (डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण तिथेच आहोत असं वाटायला लावणारं आभासी चित्र) लेणीच खाली आणू, असं दिवाळीआधी ठरलं. कॅमेरा दादाचा (मावसभाऊ), सॉफ्टवेअर माझं, हेडसेट एका मैत्रिणीचा जुना क्वेस्ट २. स्मारक संरक्षित आहे, ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती हातात आहे. तरी पठ्ठ्याने पहिल्या फेरीला कॅमेरा काठीवर धरून चालत चालत चित्रण केलं.

रात्री घरी लावून बघितलं. दुसऱ्या मिनिटाला जांभया. तिसऱ्या मिनिटाला मानेवर गार घाम आणि जिभेखाली पाणी. तीन मिनिटं चाळीस सेकंदांना हेडसेट काढून फरशीवर उताणी पडले. साडेदहापर्यंत चकलीचा वाससुद्धा नको झाला.

दादाला फोन केला तर म्हणतो, "मला काहीच नाही झालं." त्याला कसं होईल? पायऱ्या तोच चढला, कुठे वळायचं ते त्याला पाठ आहे, आणि फाइल जोडताना त्याने ती तीस-चाळीस वेळा पाहिली आहे. मी मात्र लहानपणापासून गाडी लागणारी. एसटीने मुंबईला जायचं म्हटलं की कसारा घाटात हातात लिंबू, मांडीवर पिशवी आणि आईचं "लांब बघ, लांब बघ". दादाचं म्हणणं, म्हणूनच तू पाहिजेस. तुला झेपलं तर कट्ट्यावर कुणालाही झेपेल. हे लिहून ठेवते, पुढे तपासायला.

६ नोव्हेंबर

एसटीत ड्रायव्हरला गाडी लागत नाही, मागच्या बाकावर मोबाइल बघणाऱ्याला लागते. आमच्या कामाची निम्मी गोम यातच आहे. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं किती वळलं ते सांगतात. शेजारी दोन पिशव्या, त्या सरळ रेषेतला वेग आणि खाली कुठली बाजू ते सांगतात. ड्रायव्हरला वळण आधीच दिसतं, त्यामुळे कान काय सांगणार याचा अंदाज मेंदूने बांधलेला असतो. मोबाइलवाल्याचे डोळे म्हणतात "स्थिर", कान म्हणतो "वळलो". व्हीआरमध्ये उलटं. डोळे पायऱ्या चढतात, कान म्हणतो, अगं तू तर खुर्चीत बसली आहेस. या विसंवादाची मांडणी रीझन आणि ब्रँड या दोघांनी १९७५ साली केली. त्यावर वाद आहेत, पण माझ्या पोटाचा तिला पाठिंबा आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. डोकं उजवीकडे वळलं की डोळे आपोआप तितकेच डावीकडे सरकतात, म्हणून चालताना दुकानांच्या पाट्या वाचता येतात. हेडसेटमधलं चित्र या यंत्रणेच्या तालात राहायला हवं. डोकं हलण्यापासून चित्र हलेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या आत. चित्र थोडं पुसट असलेलं चालेल, अडखळलेलं चालणार नाही. दादाच्या फाइली फार जड आहेत, हेडसेट त्यांच्याखाली धापा टाकतो. आज त्या हलक्या केल्या, आता सेकंदाला ७२ चित्रं सलग मिळतात. दादा कुरकुरला, शिलालेखाची धार गेली म्हणून. शिलालेखाचे वेगळे फोटो लावू.

१० नोव्हेंबर, रविवार

दादाने गिंबल आणला, म्हणजे धक्के गिळून कॅमेरा स्थिर धरणारी मूठ. कॅमेरा आता काठीसारखा हादरत नाही, तरंगतो. बाहेर टीव्हीवर बघितलं तर सुंदर. हेडसेटमध्ये दीड मिनिटात संपले, म्हणजे गेल्या वेळेपेक्षा लवकर.

मला वाटायचं, धक्के गेले की त्रास गेला. पण चालीचे बारीक धक्के गेले आणि खाली उरली ती संथ हेल, पाळणा हलतो तशी. समुद्रावरच्या मळमळीचा अभ्यास करणाऱ्यांनीही हेच मोजलंय: साधारण पाच सेकंदांना एक अशी वर-खाली हेल माणसाला सगळ्यात लवकर आडवं करते. आपण काठीवरून उतरून होडीत बसलो.

१३ नोव्हेंबर

कट्ट्याच्या बैठकीला गेले. तिथे एक आजोबा म्हणाले, "चढल्यासारखं वाटलंच पाहिजे हो, नाहीतर फोटोच्या अल्बममध्ये आणि यात फरक काय?" त्यांचं खोटं नाही.

तरी आज मॉनिटरवर चिठ्ठी लावली: कॅमेरा हलणार नाही. हलेल ते बघणाऱ्याचं डोकं.

अकरा थांबे ठरवले. प्रत्येक थांब्यावर ट्रायपॉड, एका जागी. एका थांब्यावरून दुसऱ्यावर जाताना चित्र अर्ध्या सेकंदात काळं होणार आणि नव्या जागी उजळणार, पापणी मिटून उघडावी तसं. मधली वाट दाखवायचीच नाही.

आणि आजोबांची पायरी? त्यावर रात्री एक उपाय सापडला. चढणीचं हलतं चित्रण टाकून न देता पायथ्याच्या स्थिर दृश्यात, समोर, खिडकीएवढ्या चौकटीत लावलं. भोवती डोंगर स्थिर, झाडं स्थिर, आणि चौकटीत पायऱ्या सरकताहेत. मी तीन मिनिटं बघितलं, काही नाही. हलणारं चित्र नजरेच्या कडांपर्यंत पसरलं की आपणच हलतोय असा भास होतो. मधल्या चौकटीत कोंडलं की तो टीव्ही होतो. खेळांमध्ये चालताना नजरेच्या कडा काळवंडवतात, त्यामागे हीच युक्ती. त्यावर २०१६ मध्ये फर्नांडिस आणि फायनर यांनी प्रयोग केले होते.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहाटे सहाला पाथर्डी फाट्यावर भेटलो. थंडी मजबूत. गर्दी व्हायच्या आत सात थांबे उरकले.

तिसऱ्या लेण्यात जास्त वेळ दिला. दालन ४१ फूट रुंद, ४६ फूट खोल, तीन बाजूंना बसायचा कट्टा. बाहेर ओटा खांद्यावर तोलून धरणारे यक्ष जमिनीतून अर्धे वर आलेत, आणि आत जाताना व्हरांड्याच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलगा गेल्यानंतर नातवाच्या, पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षात तिने हे लेणं भिक्षूंना दिलं आणि मुलाचे पराक्रम दगडात कोरून ठेवले. मराठी घरातली आजी आणखी वेगळं काय करते!

घरी येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. दादाने कॅमेरा स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला, साडेपाच फुटांवर. बघणारा बसणार खुर्चीत. खाली बघितलं की जमीन भलतीच खोल, पाय जागेवर नाहीत, आपण हवेत टांगलेलो. मळमळ नाही, पण तळपायाला मुंग्या येतात. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांच्या आसपास. सातही थांबे पुन्हा.

दादा त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलला.

२० नोव्हेंबर

मतदान. काम नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज आत्याला बसवलं. आत्याला अधूनमधून चक्कर येते. मागे एकदा अंथरुणातून उठताना घर फिरलं होतं. कट्ट्यावर अशी चार-पाच जण तरी असणार, म्हणून घरच्या माणसापासून सुरुवात.

पहिला अर्धा तास नुसतं बसवण्यात गेला. चित्र पुसट, म्हणाली. तिचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, एकाच भिंगात वर लांबचं आणि खाली जवळचं. हेडसेटमधलं चित्र डोळ्यांना मीटर-दीड मीटरवर असल्यासारखं, आणि चष्म्याचा खालचा भाग वाचायचा. डोकं जरा वर-खाली झालं की भलत्याच भागातून बघितलं जातं. तिचा जुना, फक्त लांबचा चष्मा शोधून आणला. मग भिंगांमधलं अंतर. पट्टी धरून मोजलं, तिच्या बाहुल्यांमध्ये ५७ मिलिमीटर. या हेडसेटला ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच खुणा, आणि तो ६३ वर होता. मी आजवर कधी हात लावला नव्हता, कारण ६३ माझं बरोबर जुळतं. व्हीआर बायकांना जास्त लागतं असं सर्रास म्हणतात. २०२० मध्ये स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यातला मोठा वाटा हेडसेट त्यांच्या डोळ्यांच्या अंतराला न बसण्याचा आहे. ५८ वर आणल्यावर आत्या म्हणाली, "आत्ता कसं!"

पाच थांबे मजेत. पंख्याकडे तोंड केलं होतं, वारा चेहऱ्यावर. मग अठरावं लेणं, चैत्यगृह. माझ्याच आवाजातलं निवेदन सुरू झालं: "आता वर बघा, हे कमानदार छत..." आत्याने पटकन मान मागे टाकली. दोन-तीन सेकंद शांत, आणि मग तिने दोन्ही हातांनी खुर्ची आवळली. "फिरतंय गं, फिरतंय." हेडसेट काढला तरी फिरतच होतं. डोळे उघडायला तयार नाही. मी तिचा हात धरून मनात आकडे मोजले, पस्तीसच्या आसपास थांबलं. चेहरा पांढरा.

घड्याळात पाऊण मिनिटसुद्धा झालं नव्हतं. मला तो सबंध दिवस त्यातच गेल्यासारखा वाटला.

२७ नोव्हेंबर

आत्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला बसवून, मान एका बाजूला वळवून झटकन मागे झोपवलं आणि डोळे बघितले. बुबुळं ठरावीक तऱ्हेने थरथरली. निदान: बीपीपीव्ही. कानातल्या त्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळले की डोकं विशिष्ट दिशेला कललं की चक्कर येते. पडल्या पडल्या कूस बदलताना, फडताळातला वरचा डबा काढताना, वाकून चप्पल घालताना. एका मिनिटाच्या आत थांबते. डॉक्टरांनी तिथेच डोकं ठरावीक क्रमाने फिरवून कण जागेवर नेले, एप्ले पद्धत म्हणतात. आत्याला वाटलं होतं गोळ्या देतील.

म्हणजे आत्याला आमच्या चित्राने चक्कर आलीच नव्हती. "वर बघा" या दोन शब्दांनी आली. गाडी लागल्यासारखं होणं हळूहळू चढतं आणि तासन्‌तास रेंगाळतं. हे कण मान हलताच काही सेकंदांत तडाखा देतात आणि निघून जातात. दोन्हीला आपण एकाच शब्दाने "चक्कर" म्हणतो, त्यामुळे मी पहिल्या वहीत दोन्ही एकाच रकान्यात लिहीत होते.

निवेदन चाळलं. "वर बघा" सहा वेळा, "खाली वाकून बघा" तीन वेळा, "मागे वळा" चार वेळा. सगळं खोडलं. चैत्यगृहाचं छत आता समोर, डोळ्यांच्या रेषेत, चौकटीतल्या फोटोत येतं. बुद्धमूर्तीसमोर लोक आपोआप वाकून नमस्कार करतील, ते मी थांबवू शकत नाही. तिथे निवेदनात "बसल्या जागी हात जोडा" घातलं.

१ डिसेंबर, रविवार

व्हीआरमध्ये स्वतःचे पाय दिसत नाहीत, शरीर दिसत नाही. मेंदूला धरायला काहीतरी जागचं लागतं. २०१५ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी चित्रात चक्क एक नाक रेखाटलं होतं, आणि त्याने त्रास कमी झाला. नाक मला विनोदी वाटलं. मी प्रत्येक थांब्यावर बघणाऱ्यासमोर कंबरेच्या उंचीला लाकडी कठडा काढला, वाड्याच्या सज्ज्याला असतो तसा. डोकं कितीही फिरवा, कठडा जागेवर. फारच बरं वाटलं. रात्री झोपताना स्वतःवर खूश.

८ डिसेंबर

त्याच कठड्याने घात केला.

शेजारचे नाना आले होते. वय त्र्याहत्तर, फिरायला रोज चार किलोमीटर, चक्करबिक्कर काही नाही, "द्या ते डबडं इकडे" म्हणत बसले. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात आले आणि यक्ष जवळून बघायला उठले. मी "नाना, बसून घ्या" म्हणेपर्यंत त्यांनी डावा हात पुढे केला आणि कठड्यावर टेकला. कठडा होताच कुठे! सगळा भार हवेत. मी त्यांच्या स्वेटरला मागून धरलं, गुडघा खुर्चीच्या कडेवर आपटला, हेडसेट कपाळावर. अंगठ्याएवढं काळं-निळं झालं, एवढ्यावर निभावलं.

नाना हसत होते. "अहो, मला खरंच वाटला." मला हसू आलं नाही. डोळे मिटून पाय जुळवून उभं राहिलं की म्हातारा माणूस डुलायला लागतो, कारण तोल सांभाळायला तो नजरेवर जास्त विसंबलेला असतो. आम्ही त्याची नजर काढून घेतो आणि वर एक खोटा आधारही देतो.

कठडा पुसून टाकला. त्याच्या जागी चित्रात खुर्चीचे हात काढले, बघणाऱ्याच्या खऱ्या खुर्चीच्या हातांच्या जागीच. म्हणजे जे दिसतं ते चाचपलं तरी हाताला लागतं. खुर्ची हातांची, चार पायांची, चाकं नसलेली, फिरती नसलेली. उभं राहायचं नाही, हा नियम चक्कर येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांनाही. शिवाय एका हेडसेटमागे एक माणूस कायम हाताच्या अंतरावर, आणि त्याच्या हातात मोबाइल नसेल.

आईने नानांकडे तिळाचं तेल पाठवलं.

११ डिसेंबर

"कसं वाटतंय?" असं विचारून काही उपयोग नाही. उत्तर एकच: "छान, छान." कट्ट्यावरची माणसं पाहुण्याच्या घरी चहा खारट झाला तरी छानच म्हणणारी. आज एका काकूंच्या वरच्या ओठावर घाम, बोलणं बंद, दोनदा गिळलं, आणि तरी "छान आहे हो, तुम्ही किती कष्ट घेतलेत". आपल्या कामात हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. त्रास होतोय हे सांगितलं तर पोरीला वाईट वाटेल!

अभ्यासक १९९३ पासून एक प्रश्नावली वापरतात, केनेडी आणि मंडळींची, सोळा लक्षणं आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. ती शेवटी भरायची, तोवर बिचारा माणूस आडवा. २०११ मध्ये केशवर्झ आणि हेष्ट यांनी सोपं केलं: दर मिनिटाला एक आकडा विचारायचा, शून्य ते वीस. मी तो आण्यांवर आणला. शून्य ते सोळा. "काकू, किती आणे?" आणि काय सांगू, लगेच उत्तर आलं: "दोन आणे." पाच मिनिटांपूर्वी "छान" म्हणणारी बाई. आकडा सांगण्यात तक्रार होत नाही, हिशेब होतो.

चार आण्यांना हेडसेट उतरवायचा, चर्चा नाही. पाच मिनिटं पुरी करायची, दम धरून बघायचं, हे डोक्यातून काढायचं. त्रास सुरू झाल्यावर थांबलं नाही तर तो चढतच जातो, आणि हेडसेट काढल्यावरही कितीतरी वेळ उतरत नाही. आकड्याबरोबर मी वहीत जांभया, गिळणं, घाम, आणि अचानक गप्प होणं हेही टिपते. गप्प होण्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसलाय.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी दादाने झणझणीत मिसळ खाऊ घातली, दोन पाव जास्त, वर ताक. लगेच चाचणी. ढेकरा आणि सहा आणे, स्थिर थांब्यावर! नियम: भरल्या पोटी नाही, उपाशीपोटीही नाही. एकादशीच्या दिवशी कार्यक्रम ठेवू नये.

त्यानंतर अर्ध्या तासाने स्कूटीवरून गंगापूर रोडला निघाले. वळणावर रस्ता किंचित तिरका झाल्यासारखा वाटला, क्षणभर. गाडी बाजूला घेऊन झाडाखाली उभी राहिले. आपल्याला बरं वाटतंय असं वाटणं आणि बरं असणं यात फरक पडतो. हेडसेटच्या सूचनांमध्येही हेच आहे, पुरतं बरं वाटेपर्यंत गाडी चालवू नका. कट्ट्यावरचे अर्धे लोक स्वतः स्कूटर चालवत येतात. कार्यक्रमाच्या दिवशी चहा आधी न देता नंतर द्यायचा, म्हणजे आपोआप अर्धा-पाऊण तास बसतील.

२२ डिसेंबर

आज अकराही थांबे सलग, तेवीस मिनिटं. शून्य आणे. मग गंमत म्हणून दादाची पहिली, काठीवरची फाइल लावली, जिने मला फरशीवर झोपवलं होतं. सहाच्या सहा मिनिटं बघितली. दीड आणा.

दादा म्हणाला, "बघ, सुधारलीस." मला तेव्हा काळजी वाटली. दीड महिना रोज थोडं थोडं बघून मेंदूला सवय झाली. ज्यांना मुद्दाम सवय करायची असेल त्यांना सांगतात तेच मी नकळत केलं: दोन-तीन मिनिटं, त्रास व्हायच्या आत थांबायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी. पण मग ४ नोव्हेंबरचं दादाचं वाक्य तपासायची वेळ आली. "तुला झेपलं तर कुणालाही झेपेल." आता मला झेपतंय ते मी झाले दादा म्हणून. गेल्या तीन आठवड्यांतले माझे सगळे शून्य वहीत पेन्सिलने खोडले.

२६ डिसेंबर

ठाण्याला लग्न होतं, एसटीने गेलो. कसाऱ्याला लिंबू, पिशवी, सगळं साग्रसंगीत. घाटाने माझी तेवीस मिनिटं मोजली नाहीत. सवय झाली ती आमच्या अकरा थांब्यांची, तेवढीच.

५ जानेवारी २०२५, रविवार

नवी माणसं आणली, ज्यांनी हेडसेट कधी बघितलाही नाही. नऊ जण. दोघांना आधीच नाही म्हटलं. एका काकांना लहानपणी फिट्स यायच्या. हेडसेटबरोबरच्या पत्रकात लिहिलंय की साधारण ४००० पैकी एकाला लखलखाटाने झटका किंवा भोवळ येऊ शकते, आणि आधी आलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. दुसऱ्यांना पेसमेकर. रिमोटमध्ये चुंबक असतात, तेही पत्रकातच आहे.

सात जणांपैकी पाच पाव-अर्ध्या आण्यात. एक बाई तिसऱ्या मिनिटाला चार आणे, उतरवलं. सातवे मात्र ढिम्म शून्य, आणि डोळे मिटायला लागले. मग कबूल झाले: "त्रास नको म्हणून चक्करेची गोळी घेऊन आलो." गोळीने आकडा लपतो आणि झोप येते, अशा माणसाला खुर्चीतून उठवणं म्हणजे आणखी एक कसरत. नेमाची गोळी असेल तर तिची वेळ डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच. आमच्या कार्यक्रमासाठी वेगळी गोळी घ्यायची नाही. निमंत्रणात लिहायला हवं.

बाईंचा प्रकार शोधला. त्या नऊ क्रमांकाच्या थांब्यावर गडबडल्या, तिथे ट्रायपॉड उतारावर होता आणि क्षितिज जेमतेम दोन अंशांनी कललंय. आम्हाला दिसलंच नव्हतं. सरळ केलं.

१४ जानेवारी

संक्रांत. गच्चीवर पतंग. दादा वर बघून बघून मान धरून बसला. काही बोलले नाही.

१९ जानेवारी, रविवार

कट्ट्यावर पहिला कार्यक्रम. हेडसेट दोन (एक भाड्याने), खुर्च्या दोन, पंखे दोन. माणशी चार थांबे, सहा मिनिटं. सगळे अकरा एका दिवशी कुणालाच नाही. भिंगं मऊ कापडाने, चेहऱ्याची गादी दर माणसामागे पुसून.

अकरा जण बसले. तिघांनी मध्येच उतरवलं. आत्या दुसऱ्या थांब्यावर, अडीच आण्यांना, स्वतःहून "बास" म्हणाली आणि चहा मागितला. पायऱ्यांवाले आजोबा चौकटीतली चढण बघून म्हणाले, "दम नाही लागला, पण चढलो." एका काकूंनी हात जोडले ते बसल्या जागीच.

नानांना मी मुद्दाम शेवटी घेतलं, दादा मागे उभा. शून्य आणे, सगळे थांबे नीट. हेडसेट काढला आणि तसेच खुर्चीचे हात धरून बसून राहिले. विचारलं, काय होतंय? म्हणाले, "काही नाही गं, पण वर नेलंस आणि तिथेच सोडलंस. खाली कोण उतरवणार?"

खरंच, शेवटचं दृश्य लेण्यातलं आणि मग एकदम काळं, आणि हेडसेट निघाला की हॉलची पांढरी ट्यूबलाइट. दोन-तीन जण उतरवल्यावर गोंधळल्यासारखे दिसले होते, मी ते वहीत "मळमळ?" असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं होतं.

बारावा थांबा: पायथा, झाडाखाली, समोर रस्ता, अर्धा मिनिट, निवेदन नाही. मग डोळे मिटून हेडसेट उतरवायचा. पुढच्या रविवारी सकाळी सातला, ट्रायपॉड चार फुटांवर. दादाला सांगितलंय, उंची मी मोजणार.